इझाबेला बीटन

इझाबेला मेरी बीटन (१४ मार्च १८३६ – ६ फेब्रुवारी १८६५) या इंग्रज पत्रकार, संपादक व पाककृतींच्या संग्राहक होत्या. मिसेस बीटन या नावाने त्या ओळखल्या जातात. ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ (१८६१) हा त्यांचा ग्रंथ व्हिक्टोरियाकालीन मध्यमवर्गीय घरांत आधारग्रंथ मानला गेला. लोकमानसात त्यांची प्रतिमा प्रौढ, अनुभवी गृहिणीची असली, तरी ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्या अवघ्या २५ वर्षांच्या होत्या.

जीवन

त्यांचा जन्म लंडनमध्ये झाला. वडिलांच्या निधनानंतर आईने १८४३ मध्ये एप्सम येथील विधुर हेन्री डॉर्लिंग यांच्याशी विवाह केला. दोन्ही संसारांतील व पुढे झालेली मिळून घरात २१ मुले होती. इझाबेला मुलींत थोरल्या, म्हणून धाकट्यांचा सांभाळ ओघानेच त्यांच्याकडे आला. शिक्षणासाठी त्या जर्मनीतील हायडेलबर्ग येथे राहिल्या. १० जुलै १८५६ रोजी प्रकाशक सॅम्युएल बीटन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

ग्रंथाची घडण

पतीच्या ‘द इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन’ या मासिकात १८५७ पासून त्या पाककृती लिहू लागल्या. स्वयंपाकाचा अनुभव बेताचाच होता. आरंभीच्या एका केकच्या कृतीत अंडी लिहायचीच राहून गेली! वाचकांकडून पाककृती मागवणे आणि जुन्या ग्रंथांतून निवडणे, ही त्यांची पद्धत होती. नोव्हेंबर १८५९ पासून मासिक भागांत प्रसिद्ध झालेले हे लेखन ऑक्टोबर १८६१ मध्ये ग्रंथरूपाने आले. १,११२ पृष्ठांच्या या ग्रंथाच्या पहिल्याच वर्षी ६०,००० प्रती खपल्या. इंग्रजांच्या हिंदुस्थानाशी असलेल्या संबंधामुळे त्यात करी व आंब्याची चटणीही आढळते.

पाककृती बहुतांशी इतरांच्या होत्या. एलायझा ॲक्टन, एलिझाबेथ रॅफल्ड, अलेक्सी स्वाये आदींच्या पुस्तकांतील मजकूर त्यात कित्येकदा नामोल्लेखाविना घेतलेला आहे. आपल्या कृती इतर लेखक श्रेय न देता वापरतात, अशी तक्रार ॲक्टन यांनी १८५५ च्या आवृत्तीतच नोंदवली होती. बीटन यांचे भाग निघू लागले त्याच वर्षी, काही महिने आधी, त्या वारल्या होत्या. कॅथरिन ह्यूज यांच्या चरित्रग्रंथात (२००५) या उसनवारीचा तपशील आला आहे.

तरीही बीटन यांना केवळ नक्कलकार म्हणणे अन्यायाचे होईल. ॲक्टन साहित्य व प्रमाण कृतीच्या शेवटी देत. बीटन यांनी ते आरंभी आणले. त्यापुढे कृती, लागणारा वेळ, अंदाजे खर्च, किती माणसांना पुरेल आणि कोणत्या ऋतूत करावे, हा क्रम त्यांनी जवळपास सर्वत्र पाळला. नव्याने संसार मांडणाऱ्या तरुणीला बाजारात जाण्यापूर्वीच खर्चाचा अंदाज येऊ लागला. सर्वच सूचना मात्र आज पटणाऱ्या नाहीत: मोठी गाजरे पावणेदोन ते सव्वादोन तास उकडावीत, असे त्या सांगतात.

मृत्यू व नंतर

पहिली दोन मुले त्यांनी लहानपणीच गमावली. चौथ्या बाळंतपणानंतर सूतिकाज्वराने वयाच्या २८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्ट नॉरवुड येथे त्यांचे दफन झाले. पुढच्याच वर्षी आर्थिक अडचणीत सापडलेल्या सॅम्युएल यांनी ग्रंथांचे हक्क वॉर्ड, लॉक अँड टायलर या संस्थेस विकले. नव्या आवृत्त्यांत इतरांच्या हातून भर पडत गेली, मूळ मजकूर बदलत गेला. मुखपृष्ठावर नाव मात्र मिसेस बीटन हेच राहिले आणि लेखिका हयात नाही हे अनेक वाचकांना ठाऊकच नव्हते.