बर्था पापेनहाइम

बर्था पापेनहाइम यांचा जन्म १८५९ साली व्हिएन्ना येथील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. बुद्धी तल्लख असूनही मुलगी म्हणून त्यांचे शालेय शिक्षण सोळाव्या वर्षी थांबले. १८८० मध्ये वडील आजारी पडले. त्यांच्या उशाशी रात्र रात्र जागताना बर्था स्वतःच खंगत गेल्या. खोकला जडला, उजवा हात लुळा पडला, दृष्टी अधू झाली. काही काळ तर मातृभाषा जर्मन विसरून त्या केवळ इंग्रजीत बोलत. या व्याधींचे कारण शरीरात सापडेना.

अशा रुग्णांना त्या काळी अनेकदा ढोंगी ठरवले जाई. डॉ. जोसेफ ब्रॉयर मात्र त्यांच्याजवळ बसून त्यांचे बोलणे शांतपणे ऐकत. मनात कोंडलेले व्यक्त झाले की त्यांना आराम पडे. या पद्धतीला बोलण्याचा उपचार हे नाव बर्था यांनीच दिले. १८९५ मध्ये ब्रॉयर व फ्रॉइड यांनी ही हकिकत अ‍ॅना ओ. या टोपणनावाने प्रसिद्ध केली आणि मानसोपचाराला नवी दिशा मिळाली.

तथापि, बर्था लगेच बऱ्या झाल्या नाहीत. पुढेही काही काळ त्यांना रुग्णालयात राहावे लागले. १८८८ मध्ये फ्रँकफर्टला आल्यावर त्यांनी अनाथ मुलींच्या सेवेला वाहून घेतले. १९०४ मध्ये त्यांनी ज्यू स्त्रियांची संघटना स्थापन केली, तर १९०७ मध्ये निराधार मुली व कुमारी मातांसाठी आधारगृह उघडले. १९३६ साली त्यांचे निधन झाले.

१९५४ मध्ये पश्चिम जर्मनीने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. तो गौरव प्रसिद्ध रुग्णाचा नव्हता. मानवतेच्या सेविकेचा होता.