मोने यांची बाग आणि मोतीबिंदू

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिसमध्ये झाला. १८८३मध्ये ते नॉर्मंडीतील जिव्हर्नी या गावी राहायला गेले. पुढची ४३ वर्षे त्यांनी तिथे दोनच कामे मन लावून केली. एक चित्रे काढण्याचे आणि दुसरे बाग वाढवण्याचे.

त्या बागेत पिओनीला मानाची जागा होती. १८८७मध्ये त्यांनी पिओनीचे वाफेच चित्रात उतरवले. पुढे कमळांच्या तळ्याकाठी त्यांनी जपानहून आणलेल्या वृक्ष-पिओनी लावल्या. पिओनीचे मुख्य प्रकार दोन. एकाच्या फांद्या हिवाळ्यात वाळून जातात आणि वसंतात जमिनीतून नवे कोंब येतात. दुसऱ्याचे खोड लाकडी असते आणि ते वर्षभर टिकते. दोन्हींना कडक थंडी, निचऱ्याची जमीन आणि दिवसाला सहा तास तरी ऊन लागते. पहिल्या प्रकारच्या कंदावरचे डोळे मातीखाली चार-पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेले, तर पाने भरपूर येतात, पण फुले येत नाहीत. लावल्यावर चांगला बहर यायला साधारण तीन वर्षे लागतात. मग मात्र जागा न बदलता हे झाड कित्येक दशके फुलते.

अशा फुलांच्या गुलाबी, जांभळ्या, लाल छटांवर ज्याचे आयुष्य उभे होते, त्याच्याच डोळ्यांपुढचे रंग मळू लागले. १९१२मध्ये डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले. डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयोमानाने पिवळे, मग तपकिरी होत जाते. निळा-जांभळा प्रकाश त्यात अडतो आणि जग पिवळट काचेतून पाहिल्यासारखे दिसते. मोने यांच्या त्या काळातील अनेक चित्रांत लाल-तपकिरी रंग दाटलेले आहेत. कोणत्या नळीत कोणता रंग आहे, हे ते चिठ्ठी वाचून आणि ठरलेल्या जागेवरून ओळखत.

शस्त्रक्रियेला ते दहा वर्षे घाबरत राहिले. चित्रकर्ती मेरी कसॅट यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया अयशस्वी ठरल्या होत्या. ती भीती खोटी नव्हती. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला बरेच दिवस हालचाल न करता पडून राहावे लागे आणि डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग तेव्हा नव्हते. १९२२पर्यंत उजव्या डोळ्याला जेमतेम उजेड कळत होता. स्वतः वैद्यकीय शिक्षण घेतलेले त्यांचे मित्र, माजी पंतप्रधान जॉर्ज क्लेमान्सो यांनी आग्रह धरला आणि १९२३मध्ये डॉ. शार्ल कुतला यांनी उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली.

भिंग निघाले आणि सगळे निळे दिसू लागले. जाड चष्म्याने वस्तू वाकड्या दिसत. मोने चिडले, निराश झाले. पुढे रंगीत काचांच्या चष्म्याने काही अंशी जमले आणि ते पुन्हा कामाला लागले. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्यांनी अखेरपर्यंत करू दिली नाही. ५ डिसेंबर १९२६ रोजी वयाच्या ८६व्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांची कमळांची भव्य चित्रे १९२७मध्ये पॅरिसच्या ओरांजरीत लोकांसाठी खुली झाली.

१९४९मध्ये लंडनचे हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले आणि चित्र पालटले. आज ही शस्त्रक्रिया बहुधा अर्ध्या तासात होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. तरीही मोतीबिंदू पिकू द्यावा, मगच काढावा, ही समजूत घराघरांत टिकून आहे. ती जुन्या तंत्राच्या काळातली आहे. जास्त पिकलेला मोतीबिंदू काढणे अवघड जाते आणि कधी कधी डोळ्यातील दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. रंग फिके किंवा पिवळट वाटणे, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकलेले दिसणे, चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे, यापैकी काही जाणवले तर नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. पिओनीच्या बहरासाठी तीन वर्षे थांबावे लागते. मोतीबिंदूसाठी तसे थांबण्याचे कारण आता उरलेले नाही.