गोदावरी परुळेकर

गोदावरी शामराव परुळेकर (१४ ऑगस्ट, १९०७ – ८ ऑक्टोबर, १९९६) या मराठी लेखिका, स्वातंत्र्यसैनिक आणि साम्यवादी शेतकरी नेत्या होत्या. ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींच्या उठावाचे त्यांनी पती शामराव यांच्यासह नेतृत्व केले.

पूर्वायुष्य

पुण्यातील गोखले कुटुंबात त्यांचा जन्म झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी कायद्याची पदवी घेतली. सत्याग्रहात त्यांना कारावास घडला. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्या होत्या. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी विवाह झाल्यावर दोघांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला.

वारली उठाव

डहाणूच्या किनाऱ्यापासून मोखाड्यातील सूर्यमाळच्या पठारापर्यंतचा आदिवासी पट्टा आज पालघर जिल्ह्यात येतो. त्या काळी या भागात वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धत रूढ होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस सावकाराच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राबे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद झाली. त्यानंतर २३ मे रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. पुढे पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मजुरी मिळावी, या मागणीसाठी संप झाला.

तलवाड्याचा गोळीबार

१० ऑक्टोबर, १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. किसान सभेच्या मांडणीनुसार, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका असल्याची अफवा जमीनदारांनी पसरवली होती. त्यांच्या रक्षणासाठी धावून आलेला जमाव हल्लेखोर असल्याचे पोलिसांना भासवण्यात आले. प्रत्यक्षात त्या तेथे नव्हत्या. यानंतर परुळेकर दांपत्यास जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. तरीही संप मोडला नाही. जानेवारी १९४७ मध्ये नानिवली येथेही पोलीस गोळीबारात आदिवासी ठार झाले. किसान सभा १० ऑक्टोबर हा दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळते.

लेखन व उत्तरायुष्य

या लढ्याची हकिकत त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात लिहिली. त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘बंदिवासाची आठ वर्षे’ हे त्यांचे आणखी एक पुस्तक. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षा झाल्या. तलवाड्याच्या गोळीबारास ५१ वर्षे पूर्ण होण्याच्या दोन दिवस आधी त्यांचे निधन झाले.