नारायण मेघाजी लोखंडे

भारतीय कामगार चळवळीचे जनक मानले जाणारे नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली झाला. ते महात्मा फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक होते.

मुंबईच्या कापडगिरणीत नोकरी करताना त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. साप्ताहिक सुट्टी नव्हती, वेतन वेळेवर मिळत नसे. यंत्रात हात सापडून जायबंदी झालेल्या कामगाराचे वेतनही बुडे.

१८८४ साली लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना स्थापन केली. पाच हजारांहून अधिक कामगारांच्या वतीने त्यांनी मागण्या मांडल्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत वेतन आणि जखमी कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार.

सहा वर्षांच्या लढ्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. उरलेल्यांपैकी काही मागण्यांसाठी मात्र कामगारांना दीर्घकाळ थांबावे लागले. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ साली झाला. वेळेवर वेतन देण्याचे व मनमानी कपात रोखण्याचे बंधन १९३६ च्या कायद्याने घातले.

हे पाहण्यास लोखंडे हयात नव्हते. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना १८९७ साली त्यांचे निधन झाले. कामाचा मोबदला ही मालकाची कृपा नसून कामगाराचा हक्क आहे, ही जाणीव त्यांनी श्रमिकांत रुजवली.