कॅमेऱ्यामागे आमच्या मुली हव्यात

मुळशी तालुक्यातील शाळकरी मुलींशी बोलताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. सिनेमा करायचा तर पैसा कुठून आणायचा? अशा वेळी आम्ही त्यांना कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचे आयुष्य सांगतो.

३ जून १८९० रोजी जन्मलेले बाबूराव मेस्त्री हे कारागीर घरातले. शालेय शिक्षण बेताचेच. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता पेंटर हेच त्यांचे आडनाव झाले. विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून आनंदराव पेंटर यांच्यासोबत त्यांनी कॅमेरा घरीच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूराव थांबले नाहीत. दामले यांच्या मदतीने त्यांनी तो कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. बाबूराव प्रत्येक दृश्य आधी कागदावर रेखाटत. या सवयीला पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही.

१९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. देवादिकांच्या कथा सोडून, सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. त्याच्या चारच वर्षे आधी, १९२१ मध्ये, मुळशीचे शेतकरी धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रहाला बसले होते. जमीन गेल्याचे दुःख मुळशीच्या मुलींना कुणी शिकवायला नको. ज्या कातकरी वस्तीचे नाव सातबाऱ्यावर कधी आलेच नाही, तिची कथा तिथल्याच मुलीने सांगावी.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट आम्हाला खटकते. कंपनीला पैसा बाईने दिला, 'सैरंध्री'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. पण दिग्दर्शनाची सूत्रे पुरुषांकडेच राहिली. ही उणीव आमच्या मुलींनी भरून काढावी.

मुलींनो, आज कॅमेरा घडवावा लागत नाही, घरातला मोबाईल पुरतो. पाच मिनिटांची गोष्ट घ्या, दृश्ये वहीत काढा, दिवसाच्या उजेडात चित्रण करा, आवाज जवळून घ्या. ज्याचे चित्रण कराल त्याची संमती आधी घ्या, हा वकील म्हणून आमचा आग्रह. आणि पालकहो, मुलीच्या हातातला मोबाईल हिसकावण्याआधी ती काय टिपते आहे, ते एकदा पाहा. कोर्टात पुराव्याअभावी हरलेली आमची माणसे आम्ही पाहिली आहेत. आपली साक्ष आपणच नोंदवली पाहिजे.

जयभीम!