पंडिता रमाबाई
पंडिता रमाबाई (२३ एप्रिल, इ.स. १८५८ – ५ एप्रिल, इ.स. १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक व प्रवासवर्णनकार होत्या. त्यांचे बालपण तीर्थयात्रेत गेले. इ.स. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडिलांचे निधन झाल्यावर त्यांनी भावासह भारतभर पायी भ्रमण केले. विवाहानंतर अल्पावधीतच त्यांना वैधव्य आले.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या इंग्लंडहून इ.स. १८८६मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या. बालविधवांच्या शाळेकरिता निधी उभारताना त्यांनी व्याख्याने देत अमेरिकेत अटलांटिकपासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत प्रवास केला. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे परतल्यावर ११ मार्च, इ.स. १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात तेथील राज्यव्यवस्था, शिक्षण व स्त्रियांची स्थिती यांचे वर्णन आहे.

पुढे दौंड तालुक्यातील केडगाव येथे त्यांनी जमीन घेऊन विहिरी खोदविल्या. इ.स. १८९६-९७च्या दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली व स्त्रियांना तेथील मुक्ती सदनात आश्रय मिळाला. शेती, विणकाम व छपाई शिकून त्या स्वावलंबी झाल्या. रमाबाईंचे निधन केडगाव येथेच झाले.