कोशकार मेजर टॉमस कँडी

एकोणिसाव्या शतकात हिंगोली हे गाव निजामाच्या राज्यात होते. तेथे फौजेची छावणी असे व तिचे अधिकारी इंग्रज असत. साहेबाची भाषा बाजारातील वाण्यास कळत नसे आणि वाण्याची भाषा साहेबास उमगत नसे. मध्ये दुभाषा उभा राही तेव्हाच व्यवहार पुढे सरके. महाराष्ट्रात जेथे जेथे छावणी पडली, तेथे तेथे हीच अडचण होती. ती दूर व्हावी म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांपैकी एका दुभाष्याचे चरित्र येथे थोडक्यात निवेदन करावयाचे आहे.

टॉमस कँडी यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडात झाला. जॉर्ज हे त्यांचे जुळे बंधू. टॉमस १८२२ साली हिंदुस्थानात आले आणि मुंबई इलाख्याच्या सैन्यात राहून त्यांनी दुभाष्याचे काम पत्करले. पुष्कळ अधिकारी परीक्षेपुरती देशभाषा शिकत व पुढे विसरून जात. कँडी यांस मात्र मराठीची खरी गोडी लागली. ह्याच सुमारास जेम्स टॉमस मोल्सवर्थ हे शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने मराठी शब्द गोळा करून त्यांचे अर्थ इंग्रजीत लिहीत होते. कँडी बंधू त्यांस जाऊन मिळाले. तो मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली आणि तिच्यातील शब्दांची संख्या सुमारे ६०,००० झाली.

पहिला कोश झाल्यावर उलट दिशेचे काम उरले, म्हणजे इंग्रजी शब्दांस मराठी अर्थ देण्याचे. त्याची आखणी व आरंभ मोल्सवर्थ यांनी केला. परंतु ते त्यांस अपुरे सोडावे लागले. दुसऱ्याने आरंभिलेले काम पुरे करण्यात कीर्ती थोडी आणि कष्ट फार. कँडी यांनी ते कष्ट पत्करले. १८३७ पासून पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्यांजकडे होती. ती सांभाळून त्यांनी कोश पूर्णतेस नेला. १८४७ साली मुंबईस तो छापून निघाला, तेव्हा मुखपृष्ठावर आरंभ करणाराचे नाव पहिले व पूर्ण करणाराचे नाव मागाहून आले.

हे काम किती बिकट, हे एका लहानशा उदाहरणाने ध्यानी येईल. इंग्रजीत फॉर्म असा चार अक्षरांचा एक शब्द आहे. त्याचा एक अर्थ रूप. कोशात तो सापडला की त्याच्याच शेजारी फॉर्मल, फॉर्मेशन, फॉर्म्युला असे लांब शब्द ओळीने मिळतात, कारण त्यांच्या आरंभी तीच अक्षरे आहेत. परंतु रिफॉर्म, युनिफॉर्म, ट्रान्सफॉर्म व इन्फॉर्मेशन ह्या शब्दांतही तीच चार अक्षरे आहेत. ती पोटात दडलेली असल्यामुळे हे शब्द कोशात दूरदूर विखुरले जातात. ते ज्याचे त्याने शोधून एकत्र करावे लागतात. बरे, शोधून काढले म्हणजे काम झाले, असेही नाही. ट्रान्सफॉर्म म्हणजे रूपांतर करणे, येथे रूप शब्द उपयोगी पडला. युनिफॉर्म म्हणजे एकरूप, येथेही पडला. पण रिफॉर्म म्हणजे सुधारणा आणि इन्फॉर्मेशन म्हणजे माहिती. तेथे रूप उपयोगी पडत नाही. शिवाय अक्षरे कित्येकदा निव्वळ फसवितात. एलेफंट ह्या शब्दाच्या शेवटी अँट आहे. म्हणून हत्तीच्या पोटात मुंगी आहे, असे कोण म्हणेल? अक्षरे शब्दापर्यंत पोचवितात. अर्थापर्यंत पोचावयास माणसांच्या बोलण्याकडे कान द्यावा लागतो. कोशकारास हे प्रत्येक शब्दाच्या बाबतीत करावे लागते.

कँडी यांचा दुसरा उपकार आपण रोज वापरतो, पण त्यांचे स्मरण करीत नाही. पूर्वी मराठी लेखनात वाक्य संपले की फार तर दंड देत. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हे इंग्रजीतून घेऊन त्यांची रीत समजावून देणारे विरामचिन्हांची परिभाषा हे पुस्तक त्यांनी १८५० साली प्रसिद्ध केले. पुढे शाळांची मराठी पुस्तके व सरकारी भाषांतरे तपासण्याचे कामही त्यांनी दीर्घकाळ केले. त्यांच्या मराठीस इंग्रजी वळण आहे, असा आक्षेप काही मराठी ग्रंथकारांनी घेतला व तो अगदीच निराधार नव्हता. परभाषा कितीही आत्मसात केली तरी मातृभाषेची छाप पुरती पुसत नाही. तथापि आपल्या कामाची दुरुस्ती करण्यास ते कधी कंटाळले नाहीत. कोशाची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८७३ साली निघाली, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. १८७७ साली महाबळेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

आज यंत्रास चार अक्षरे सांगितली की ती ज्यांत आहेत असे शेकडो इंग्रजी शब्द क्षणात समोर येतात. ही सोय कँडी यांस नव्हती. पण त्या शेकडो शब्दांपैकी कोणत्या शब्दास मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न आजही तेवढाच जिवंत आहे. तेव्हा, विद्यार्थिबंधूंनो आणि भगिनींनो, रोज एक लहान इंग्रजी शब्द घ्या. तो ज्यांच्या पोटात आहे असे पाच लांब शब्द शोधा. मग प्रत्येकास आपल्या घरी, शेतात व बाजारात कोणता मराठी शब्द चालतो, तो वडील माणसांस विचारून पुढे लिहा. शब्द शोधण्याचा हा खेळ मनोरंजक आहे, आणि तो नेटाने खेळणाऱ्याच्या दोन्ही भाषा समृद्ध होतात.